पऱ्हाटी जाळू नका, फुकटही देऊ नका



शेवटची वेचणी झाली की गावोगाव पऱ्हाटी पेटते. शिवारात धूर, आणि जूनमध्ये पुन्हा खताच्या दुकानात उधारी. आम्ही कृषी पदवीधर. आम्हीही वर्षानुवर्षे बांधावर उभे राहून हाच सल्ला दिला : उपटा आणि जाळा. तो सल्ला अर्धवट होता, हे आज सभेसमोर कबूल करतो.

पऱ्हाटी कचरा नाही. कापसाच्या धाग्यात जे सेल्युलोज आहे, तेच काडीतही आहे. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी. ती माणसाला पचत नाही, बुरशीला पचते. बुरशीला ना तोंड, ना पोट. तिचे तंतू टोकाकडून वाढतात आणि विकरे, म्हणजे एन्झाइम, अंगाबाहेर सोडतात. एक विकर साखळी मधेच तोडते, दुसरे टोकाकडून दोन-दोन कड्या सोडवते, तिसरे त्या जोडीची साखर करते. ती साखर तंतू शोषून घेतात. बुरशी हिशेबी आहे. आयती साखर मिळाली तर विकरे बनवणे ती जवळजवळ बंद करते.

हे जगाला कळले ते कापसामुळेच. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. तंबूवरची बुरशी प्रयोगशाळेत नेली. एल्विन रीझ या शास्त्रज्ञाने तिच्या विकरांचा अभ्यास केला. १९७७ साली त्यांच्याच नावावरून तिचे नाव ट्रायकोडर्मा रीझी ठेवले गेले. काम सुरू झाले कुजणे थांबवायला. पुढे त्याच बुरशीला कारखान्यात जुंपले. आज तिचे सुधारित वाण लिटरमागे १०० ग्रॅमहून जास्त प्रथिन बाहेर टाकतात. जीनची पँट विटकी करायला अशीच विकरे लागतात. काडीचे इथेनॉल करायलाही तीच. २०२२ साली पानिपतला सुरू झालेला सरकारी तेल कंपनीचा कारखाना वर्षाला २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्यासाठी उभारला आहे. आज पेंढा, उद्या पऱ्हाटी.

आमचा सवाल साधा आहे. आमच्या शेतात जो कचरा, तो कारखान्याच्या फाटकातून आत जाताच कच्चा माल कसा होतो?

कोणी म्हणेल, बोंडअळीचे काय? रास्त आहे. गुलाबी बोंडअळी किडक्या बोंडांत दडून राहते. म्हणून पऱ्हाटी उभी ठेवू नका, बांधावर रचूही नका. किडकी बोंडे वेचून नष्ट करा. पण त्यासाठी अख्खी काडी जाळायची गरज नाही. काडी यंत्राने बारीक करा. कारण तिच्या लाकडातले लिग्निन विकरांना सहज आत शिरू देत नाही. शेणकाला आणि थोडा युरिया द्या. काडीत नत्र कमी असते. ओल राखा, ढीग पालटा. उन्हाळ्यात पाणी नसेल तर पहिल्या पावसात खड्डा भरा. महिन्याभरात खत होईल असे आम्ही सांगणार नाही. लाकूड वेळ घेते. ज्वारीची धसकटेही त्याच खड्ड्यात जाऊ द्या. कडबा तर बैलाच्या पोटात जातोच. तिथेही बुरशी हेच काम करते.

म्हणून आमच्या मागण्या :

१. पऱ्हाटी बारीक करणारे यंत्र गावात, परवडेल अशा भाड्याने.

२. कुजवण्याचे संवर्धन कृषी विद्यापीठांनी उत्पादनखर्चाच्या भावात द्यावे.

३. पऱ्हाटी नेणाऱ्याने ती काट्यावर तोलून, लेखी भावाने न्यावी. त्या भावात उपटण्याची मजुरी आणि जमिनीतून गेलेल्या खताची किंमत धरलेली हवी.

आयती साखर मिळते तोवर बुरशी हात हलवत नाही. आयती पऱ्हाटी मिळते तोवर कारखानदारही खिशात हात घालणार नाही. यंदा गावातली एकही काडी फुकट जाऊ द्यायची नाही. आगीलाही नाही, व्यापाऱ्यालाही नाही.