हात सापडले, पुढे काय?

हेरकथेतील चतुर गुप्तहेराने श्रीमंत प्रवाशांतून खुनी हुडकला, की आपण समाधानाने पुस्तक मिटतो. या समाधानालाच आमचा आक्षेप आहे. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर मुमताज बेगमसह मोटारीतून जाणारे धनिक व्यापारी अब्दुल कादर बावला मारले गेले. इंदूर संस्थानातील माणसे पकडली गेली. काहींना फाशीची शिक्षा झाली. पण त्यांना धाडले कोणी? चौकशीला सामोरे जाण्याऐवजी महाराज तुकोजीराव होळकरांनी १९२६ मध्ये गादी सोडली. त्यांच्यावर खटला उभा राहिलाच नाही. आमच्या नवापूर स्थानकातूनही महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते. ती ओलांडल्याने कोणाचा गुन्हा पुसला जात नाही. मग संस्थानाच्या सीमेशी न्याय का थांबावा? मारणारे हात सापडले म्हणजे सत्य सापडले, असे सुज्ञ वाचकांनी मानू नये.