बारमाही हिरवळीचें खूळ

घरापुढें चार हात मोकळी जागा असली कीं तेथें हिरवळ असावी, आणि हिरवळ असली कीं ती बाराही महिने हिरवीगार असावी, ही समजूत आमच्या सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे इतकी रूढ झाली आहे कीं तिच्याविषयीं शंका घेणें म्हणजे अरसिकपणाचा आरोप ओढवून घेणें होय. तो आरोप पतकरून प्रस्तुत लेखांत आम्ही असें प्रतिपादन करणार आहों कीं, छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांत बारमाही हिरवळ राखणें हें रसिकतेचें लक्षण नसून तिच्या अभावाचें लक्षण आहे. जो गृहस्थ वैशाखांत आपली हिरवळ हिरवी ठेवतो त्याला हिरवळीचें खरें सुख भोगतां येत नाहीं. आणि या हट्टाची खरी किंमत तो स्वतः देत नसून दुसरेच कोणी देत असतात.

प्रारंभींच एक खुलासा केलेला बरा. हिरवळीशीं आमचें वैर नाहीं. अंगणभर सिमेंटचे ठोकळे बसवून ‘चिखल गेला, झाडलोट सोपी झाली’ असें समाधान मानणाऱ्या व्यवहारी लोकांची बाजू घेण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. पावसाचें पाणी जिरूं न देणारें आणि वैशाखांत तव्याप्रमाणें तापणारें तसलें अंगण आम्हांस अधिकच अप्रिय आहे. आमचा वाद गवताशीं नाहीं. गवताला त्याचे ऋतु नाकारणाऱ्या हट्टाशीं आहे.

या हट्टाचें मूळ शोधावयास फार दूर जावयास नको. निजामाच्या राज्यांत असूनही आमच्या शहराला इंग्रजी छावणी होती, आणि छावणींतल्या बंगल्यांपुढें साहेब आपल्या देशाची आठवण म्हणून हिरवळ राखीत असे. साहेब गेला, त्याची आठवण मात्र आम्हीं आपली म्हणून जतन केली. इंग्रजी वाङ्मय वाचून पदवीधर झालेल्या आमच्यासारख्यांनीं तर तिला वाङ्मयाचाही आधार मिळवून दिला. फ्रान्सिस बेकनच्या १६२५ सालच्या निबंधसंग्रहांत उद्यानांवर एक निबंध आहे. नीट कातरलेल्या हिरव्या गवताइतकें डोळ्यांस सुखद दुसरें कांहीं नाहीं, अशा आशयाचा अभिप्राय त्यांत आहे, आणि हिरवळीचे भक्त तो मोठ्या अभिमानानें सांगतात. परंतु त्याच निबंधाचा पूर्वभाग ते सोयीस्करपणें विसरतात. तेथें बेकन बाराही महिन्यांचा हिशेब मांडतो, कोणत्या महिन्यांत बागेंत काय असावें याची यादी देतो, आणि शेवटीं बजावतो कीं हा तपशील लंडनच्या हवेपुरता आहे. आपापल्या स्थळाला जें मानवेल त्यांतूनच ज्यानें त्यानें आपला वसंत साधावा. म्हणजे ज्या पंडिताच्या नांवावर आमचे लोक वैशाखांत नळी सोडतात, तो पंडित प्रत्यक्षांत त्यांच्या विरुद्ध साक्ष देत आहे!

लंडनची हवा आणि आमची हवा यांत अंतर किती? कोणी म्हणेल कीं तिकडे पाऊस फार, म्हणून तिकडचें गवत हिरवें. ही समजूत चुकीची आहे. लंडनला वर्षाकाठीं सुमारें ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या शहराला सुमारें ७००. फरक एकंदर मापांत नाहीं, वांटणींत आहे. तिकडे तोच पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो आणि ऊन कोवळें असतें. आमच्याकडे बहुतेक सारा पाऊस ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत येऊन जातो. त्यानंतर सातआठ महिने आकाश कोरडें, आणि वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर. १८३० सालीं एडविन बडिंग या इंग्रज गृहस्थानें गवत कापण्याचें यंत्र काढलें, त्यामुळें सरदारांची ही चैन पुढें मध्यमवर्गाच्या आवाक्यांत आली. परंतु त्या यंत्रानें गवत कापण्याची सोय केली, पाऊस पाडण्याची नव्हे.

तो न पडणारा पाऊस मग नळीनें पाडावा लागतो. त्याचा हिशेब कोणाही शाळकरी मुलाला करतां येईल. एका चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यांत गवत हिरवें ठेवावयाचें तर रोज निदान पांच मिलिमीटर पाणी हवें. बंगल्यापुढची हिरवळ ५० चौरस मीटर धरली तर रोजचे २५० लिटर झाले. शहरांतील माणसाला दररोज १३५ लिटर पाणी मिळावें असें आपल्या देशांत सरकारी प्रमाण आहे. म्हणजे एवढीशी हिरवळ जवळजवळ दोन माणसांचें पाणी पिते. आणि चार महिन्यांत ३०,००० लिटर, म्हणजे पांच हजार लिटरांचे सहा टँकर फस्त करते. हीं दोन माणसें घरांत दिसत नाहींत, म्हणून तीं नाहींतच असें समजूं नये. तीं शहराच्या दुसऱ्या टोकाला हंडे घेऊन रांगेंत उभीं असतात.

कारण हें पाणी येतें कोठून? शहराची मुख्य भिस्त पैठणच्या जायकवाडी धरणावर. १९७६ सालीं ज्याचें उद्‌घाटन झालें त्या धरणांतून सुमारें पन्नास किलोमीटर, आणि तेंही चढावर, विजेच्या पंपांनीं उपसून हें पाणी आणावें लागतें. गेल्या कित्येक वर्षांत शहराच्या अनेक वस्त्यांनीं नळाला पाणी येण्याची दिवसेंदिवस वाट पाहिली आहे. २०१६ च्या एप्रिलांत तर याच मराठवाड्यांतील लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्याच महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेटसामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश दिला, आणि खेळपट्ट्यांना व मैदानांना घालावें लागणारें पाणी हाच त्या वादाचा विषय होता. सुशिक्षितांनीं त्या आदेशाची वाहवा केली. क्रीडांगणाच्या हिरवळीला जो न्याय लावला तो स्वतःच्या अंगणाला लावण्याचें मात्र फार थोड्यांस सुचलें.

यावर जे आक्षेप घेण्यांत येतात त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, ‘आमची स्वतःची बोअर आहे, आम्ही नळाचें पाणी वापरीत नाहीं.’ बोअर स्वतःची असेल. तिच्यांतलें पाणी स्वतःचें कसें? आमच्या पायांखालीं काळा पाषाण आहे, आणि त्याच्या भेगांत व झिजलेल्या थरांत काय मुरतें तेवढेंच पाणी. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचें पाणीही बहुधा त्याच भेगेंतून येतें. दुसरा आक्षेप, ‘हिरवळीनें घर थंड राहतें.’ राहतें खरें. पण तेंच काम अंगणांतला एक कडुनिंब अधिक चांगलें करतो, सावलीही देतो, आणि एकदां मुळें धरल्यावर कोणापाशीं पाणी मागत नाहीं. तिसरा आक्षेप, ‘आम्ही भांडीं-धुण्याचें पाणी घालतों.’ असे गृहस्थ आढळले तर आम्ही त्यांस वंदनच करूं. परंतु त्या पाण्यावर तुळस, कढीपत्ता आणि दोन फुलझाडें जगतात, ५० चौरस मीटरांचा गालिचा नव्हे.

बाग म्हणजे हिरवळ ही समजूत या शहराच्या परंपरेंतही बसत नाहीं. १६१० सालीं मलिक अंबरानें खडकी वसविली, आणि पुढें डोंगरांतलें पाणी जमिनीखालच्या नहरांनीं शहरांत आणलें. पाणचक्कीच्या हौदांत असें नहराचें पाणी आजही पाहावयास मिळतें. त्या काळच्या बागा पाहिल्या तर त्यांत मान होता तो फळझाडांना, फुलझाडांना आणि पाटांना. हिमायतबागेंत तर आज कृषि विद्यापीठाचें फळसंशोधन चालतें, आणि तें त्या परंपरेला धरूनच आहे. मोंगल उद्यानांत मोकळी हिरवळ मिरविण्याची रीति उत्तरकालीन. आग्र्याच्या ताजमहालापुढची दाट झाडी जाऊन तेथें हिरवळ आली ती विसाव्या शतकाच्या आरंभीं, लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत सुरू झालेल्या डागडुजीपासून. पाणी दुरून, कष्टानें आणलें आहे ही जाणीव ज्यांना होती त्यांनीं तें मुळांशीं घातलें, उन्हांत शिंपडलें नाहीं.

मग आम्हीं हिरवळ ठेवूंच नये काय? अवश्य ठेवावी. ती आपल्या दारांत आपण होऊन उभी आहे. तिचें नांव हरळी. रोपवाटिकांतून चौरस फुटाच्या भावानें जीं ‘मेक्सिकन’ आणि ‘कोरियन’ गवतें विकलीं जातात त्यांच्यासाठीं आम्ही पैसे मोजतों. आणि ज्या हरळीच्या दूर्वा भाद्रपदांत गणपतीच्या मस्तकावर वाहतों तिला उपटण्यासाठीं माणूस लावतों! शेतकऱ्यानें हरळीला शत्रु मानावें हें योग्यच. काळ्या रानांतून तिच्या मुळ्या खणून काढतांना त्याची कंबर मोडते. परंतु जो चिवटपणा शेतांत दोष तोच अंगणांत गुण. पेऱ्यापेऱ्याला मूळ धरीत जाणारी ही वनस्पति वेदकाळच्या ऋषींनींही हेरली होती. उन्हाळ्यांत ती वरून वाळते, पण मरत नाहीं. जमिनीखालच्या कांड्यांत जीव धरून निजते, आणि पहिल्या दमदार पावसानंतर आठदहा दिवसांत पुन्हा पोपटी होऊन उठते.

हें निजणें आणि उठणें पाहणें हीच हिरवळीची खरी मौज. मृगाच्या सरी पडल्या कीं वाळल्या काड्यांतून कोंब डोकावतात आणि त्यांच्यामधून मखमली तांबडा मृगाचा किडा चालूं लागतो. श्रावणांत साळुंक्या गवतांतले किडे टिपतात. आश्विनांत जमीन घट्ट झालेली, हवा निवळलेली. कोजागिरीला दूध प्यावें तें अशा गवतावर बसून. मार्गशीर्षांत टोकें पिवळीं पडतात, आणि पौषांत सारें अंगण सोनेरी होतें. सकाळच्या उन्हांत पाठ शेकीत त्यावर पुस्तक वाचण्यांत जें सुख आहे तें ओल्या गालिच्यावर नाहीं. चैत्रांत कडुनिंबाचा मोहोर त्या करड्या अंगणावर सांडतो, आणि वैशाखाच्या रात्रीं तेथें खुशाल बाज टाकून निजतां येतें. बारमाही हिरवळवाला या वेळीं काय करतो? ओलें गवत, त्यावर डांस, आणि कडेला ‘गवतावर चालूं नये’ अशी पाटी! जिच्यावर बसावयाचें नाहीं, निजावयाचें नाहीं, चालावयाचेंही नाहीं, ती हिरवळ नव्हे; तें प्रदर्शन होय.

हरळीची निगाही सोपी आहे. आषाढांत दोनतीन पेऱ्यांच्या कांड्या वीतभर अंतरानें लावाव्या. आमच्या काळ्या मातींत आधीं थोडा मुरूम व वाळू मिसळली तर पाणी तुंबत नाहीं. पहिले दोन महिने लव्हाळा आणि गाजरगवत हातांनीं उपटावें. भर पावसांत चिखल झाला असतां तिच्यावर चालूं नये, माती दडपते. कापतांना एका वेळीं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापूं नये, आणि आश्विनानंतर कापणी थांबवावी. उन्हाळ्यांत काळी जमीन भेगाळते. त्या भेगांत चाळलेलें शेणखत व वाळू भरून ठेवावी. नव्या लावणीस पहिल्या उन्हाळ्यांत पंधरा दिवसांतून एकदां पाणी द्यावें; पुढें तेंही नको. दाट सावलींत ती वाढत नाहीं, तेथें हट्ट धरूं नये.

जो हें करावयास तयार नाहीं आणि ज्याला बाराही महिने हिरवाच रंग हवा आहे, त्याच्यासाठीं बाजारानें तोड काढलीच आहे. बीड बायपासच्या रस्त्यानें जा. मंगल कार्यालयाला आतां ‘लॉन्स’ म्हणतात. आणि अंगणांसाठीं प्लास्टिकचें गवत आलें आहे. तें वाळत नाहीं, वाढत नाहीं, पाणी मागत नाहीं. उन्हांत पाय भाजतात एवढेंच. आमच्या मतें बारमाही हिरवळीच्या तत्त्वाचा तो अगदीं प्रामाणिक शेवट आहे. ज्याला गवत नको, गवताचा फक्त रंग हवा, त्याला तो रंग मिळाला.

परंतु ज्या घरांत मुलें वाढत आहेत त्या घरांनीं याचा जरा निराळा विचार करावा. वर्षाचे महिने त्या मुलांना भिंतीवरच्या कॅलेंडरांतून शिकवावयाचे कीं अंगणांतून? ज्या मुलानें आपल्या दारांतलें गवत वाळतांना पाहिलें नाहीं, त्याला पावसाची वाट पाहणें म्हणजे काय हें कसें कळावें? आणि या प्रांतांत जन्मून ज्याला पावसाची वाट पाहतां येत नाहीं, त्याला रांगेंतल्या हंड्यांचा अर्थ तरी कसा कळणार? तेव्हां येत्या चैत्रांत नळी गुंडाळून ठेवा आणि हरळीला निजूं द्या. तिला उठवावयास मृग समर्थ आहे.