साबण खाणारे पाणी

साबणाची वडी झिजते, पण फेस येत नाही. तुरीची डाळ तासभर चुलीवर ठेवली तरी वरण एकजीव होत नाही. चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसतो आणि तो राखेने घासला तरी निघत नाही. कारंजा लाडच्या कोणत्याही वस्तीत जा, बायाबापड्यांच्या तोंडून हीच तक्रार ऐकू येईल. नळाला पाणी आले म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला, असे मानणाऱ्या पुढाऱ्यांनी एकदा घराच्या मोरीत उभे राहून एक बादली कपडे धुऊन पाहावेत.

आपण याला जड पाणी म्हणतो. शाळेच्या पुस्तकात दुष्फेन पाणी असा शब्द आहे. आपल्या वऱ्हाडाच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून पाणी वर्षानुवर्षे मुरते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. बोअर जितकी खोल, तितके हे पाणी दगडाच्या सहवासात अधिक काळ राहिलेले असते. याउलट धरणात साठते ते मुख्यतः पावसाचे वाहून आलेले पाणी. ते गढूळ असेल, पण सहसा तितके जड नसते. गढूळपणा तुरटीने जातो, जंतू क्लोरीनने मरतात. मात्र जडपणा या दोन्हींनी हलत नाही. म्हणून 'आम्ही शुद्धीकरण करूनच पाणी सोडतो' हे नगर परिषदांचे नेहमीचे उत्तर खरे असले तरी ते या प्रश्नाचे उत्तर नाही.

आता या पाण्याचा हिशेब मांडू. रसायनशास्त्राच्या साध्या गणिताप्रमाणे लिटरमागे १०० मिलिग्रॅम जडपणा असला, तर ते एक लिटर पाणी फेस येण्याआधीच सुमारे ०.६ ग्रॅम साबण खाऊन टाकते. जडपणा ३०० धरला तर २० लिटरच्या बादलीमागे ३५ ग्रॅमहून अधिक साबण नुसता वाया जातो. तो जातो कुठे? क्षाराशी मिळून त्याचा चिकट साका होतो. हाच साका कपड्यात बसतो, म्हणून पांढरा कपडा चार धुण्यांत राखी पडतो. १४ ऑक्टोबरला, बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना आपण शुभ्र वस्त्रे नेसतो. ती शुभ्र ठेवण्यासाठी आपल्या आयाबहिणींना किती नीळ आणि किती हाडे झिजवावी लागतात, हे त्यांनाच विचारा. डाळीचेही तसेच आहे. पाण्यातला कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या आणि दाण्यातल्या चिकट द्रव्याला घट्ट बांधून ठेवतो, दाणा फुटत नाही, गॅस जळत राहतो. उन्हाळ्यात कुलरचे पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात, ताट्या दगडासारख्या होतात आणि मे महिन्यात, नेमक्या गरजेच्या वेळी, कुलर गरम वारा फेकू लागतो.

साबण, सोडा, गॅस, कुलरच्या ताट्या, गिझरची कॉइल हे सगळे मिळून एक कर होतो. पाणीपट्टीच्या पावतीवर तो कधी छापला जात नाही. बंगल्यातही तो भरावा लागतो, पण तिथे तो जाणवत नाही. रोजमजुरीच्या घरात तो महिन्याच्या किराण्यातून कापला जातो. आणि जी बाई चार घरची धुणीभांडी करते, ती हा कर दोनदा भरते. स्वतःच्या घरी पैशाने आणि दुसऱ्याच्या मोरीत हाताच्या कातडीने.

यावर बाजाराने एक उपाय काढला आहे. पैसेवाल्यांनी स्वयंपाकघरात आरओ यंत्र बसवले, ज्यांना ते जमले नाही त्यांनी २० लिटरचा जार लावला. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर नालीत सोडते, हे विकणारा सांगत नाही. शिवाय त्या पाण्यात कोणी कपडे धूत नाही की भांडी घासत नाही. पण खरी हानी वेगळीच आहे. गावातला बोलका, वजनदार माणूस एकदा जारवर गेला की सार्वजनिक नळाशी त्याचे देणेघेणे संपते. मग नगर परिषदेला जाब विचारायला उरतो कोण? पूर्वी पाणवठे जातीने वेगळे होते, आता खिशाने वेगळे होत आहेत. आणि आपल्या देशात कोणाचा खिसा कोणत्या जातीचा असतो, हे वाचकांना सांगायला नको.

इथे एक खबरदारी घेतली पाहिजे. जड पाण्याने मुतखडा होतोच, असे जार विकणारे छातीठोकपणे सांगतात. विज्ञानाने तसे सिद्ध केलेले नाही; जागतिक आरोग्य संघटनेनेही जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. उन्हात राबणाऱ्या माणसाने दिवसभर पुरेसे पाणी न पिणे हे मुतखड्याचे मोठे कारण आहे. फ्लोराइड आणि नायट्रेट यांची गोष्ट मात्र वेगळी. ते चवीला कळत नाहीत आणि खरोखर घातक असतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत फ्लोराइडने दात आणि हाडे खराब झाली आहेत. उत्तरेला मूर्तिजापूर ओलांडून पूर्णेच्या खोऱ्यात गेले की खारपाणपट्टा लागतो, तिथे भूजलच खारट आहे. म्हणून भीतीच्या धंद्याला बळी पडू नये आणि तपासणीही सोडू नये. बाबासाहेबांचा अनुयायी आधी आकडा मागतो.

आकडा कोणता? भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. ६०० पर्यंतची सूट आहे, पण ती कधी? दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तेव्हाच. ही अट सगळे जण सोयीने विसरतात. कारंजा तालुक्यात अडाण धरण आहे. धरण उशाशी असलेल्या शहराला 'दुसरा स्रोत नाही' ही पळवाट कशी वापरता येईल? बोअरचे पाणी मिसळावे लागत असेल तर ते कोणत्या महिन्यात, किती दिवस आणि कोणत्या वस्तीला, हे लोकांना कळलेच पाहिजे. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला बहुधा आपल्याच वस्त्या असतात. दाब कमी पडला की धरणाचे पाणी तिथवर पोहोचत नाही, हातपंप तेवढा उरतो. म्हणजे एकाच शहरात एकाला पावसाचे पाणी आणि दुसऱ्याला पाषाणाचे.

महाडचा इतिहास आठवा. मुंबई विधिमंडळात बोले ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. दोन्ही ठराव दप्तरात पडून राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा त्या कागदाला अर्थ आला, आणि न्यायालयातली अखेरची लढाई जिंकायला १९३७ उजाडले. ठराव असणे आणि पाणी मिळणे यांत किती अंतर असते, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार? मानकाचा कागदही तसाच दप्तरात आहे. पुढे संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा हा नगरपालिकांचा विषय म्हणून लिहिला गेला आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तेव्हा आपण मागतो ती भीक नव्हे.

घरात तोवर काय करावे? धुण्याच्या बादलीत आधी थोडा धुण्याचा सोडा टाकून पाणी निवू द्यावे, साबण नंतर लावावा; साबण बराच वाचतो. पाणी उकळले की जडपणाचा एक भाग तळाशी बसतो, सगळा नाही. पावसाळ्यात टिनाच्या छपरावरचे पहिल्या एक-दोन सरींनंतरचे पाणी धुण्यासाठी धरून ठेवावे. पण ही सगळी घरातल्या बाईच्या अंगावर पडणारी जास्तीची कामे आहेत, आणि ती करून घेऊन नगर परिषदेची जबाबदारी माफ करण्याचे कारण नाही.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. वस्तीतल्या मंडळाने, महिला मंडळाने तो द्यावा. तीन प्रश्न पुरेत. गेल्या बारा महिन्यांत शहराला कोणत्या स्रोताचे पाणी किती दिवस दिले? दर महिन्याच्या तपासणीत जडपणा, फ्लोराइड आणि नायट्रेट किती निघाले? आणि तपासणीचा नमुना टाकीजवळच्या नळाचा होता की आपल्या वस्तीतल्या शेवटच्या नळाचा?