पाटीवर नाव कोणाचं?

सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या माणसांची दानं कोरलेली आहेत. भोगवर्धन म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं भोकरदन. केळना नदीकाठच्या त्या दात्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर आपलं नाव आणि आपलं गाव आवर्जून लिहून घेतलं.

१९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं, तेव्हा हस्तिदंताची एक मोडकी स्त्रीमूर्ती निघाली. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८मध्ये पाँपेईच्या राखेखाली सापडली होती. तिसरी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची. तेरची मूर्ती टिकली ती रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहात. पावसाने जुन्या वस्तीची पांढर धुपली की उघडं पडणारं नाणं, मणी, मातीचं खेळणं मोलाचं आहे, हे ओळखणारा माणूस गावातच होता. आज तिथलं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावाने आहे.

भोकरदनलाही असं घर हवं. पांढरीची माती माळवदावर घालायला, शेतात पसरायला पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली. त्या टोपलीत कधी अकीकाचा मणी येतो: तांबूस, बोटाच्या पेराहून लहान, आरपार भोक पाडलेला. तो पोरांच्या खेळण्यात जातो, नाणं देव्हाऱ्यात. तहसीलला नेलं तर पंचनामा मागे लागेल, ही धास्ती. १८७८च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरच्या सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ती दिलीच पाहिजे. पण धाकाने माणूस वस्तू लपवतो. मान मिळाला तर स्वतःहून घेऊन येतो.

म्हणून 'मणी, सातवाहन काळ' एवढ्यावर पाटी संपवू नका. कोणत्या शिवारात, कोणत्या पावसाळ्यात, कोणाच्या हाताला लागला, तेही लिहा. अभ्यासकालाही ते हवंच असतं. जागा हरवलेली वस्तू निम्मी मुकी होते. संग्रहालयशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी मृग बरसल्यावर चार आठवडे भोकरदनला मुक्काम करावा, ओट्यावर बसावं, आणि वस्तू मागण्याआधी तिची हकिकत विचारावी. ती सांगायला बहुधा घरातली म्हातारी पुढे येईल, कारण मातीची टोपली तिच्याच डोक्यावर होती. मग पाटीवर तिच्या मुलाचं किंवा सातबाऱ्यावरच्या धन्याचं नाव घालू नका, तिचं घाला. सांचीच्या दात्यांमध्ये बायकाही आहेत, आपापल्या नावाने.