दूरचे स्फोट, जवळचे कर्तव्य

अणुबाँबच्या चोरट्या चाचण्या पकडण्यासाठी आकाशात ठेवलेल्या पहारेकऱ्यांनाच विश्वातील अतिप्रचंड स्फोटांचा पहिला सुगावा लागावा, ही विज्ञानाच्या इतिहासातील विलक्षण घटना होय. १९६३ साली अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएत रशिया यांनी वातावरणात, अंतराळात आणि पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याचा करार केला. कराराबरोबर संशय मात्र मिटला नाही. म्हणून अमेरिकेने ‘व्हेला’ नावाचे टेहळे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा जो झोत टिपला, तो कोणत्याही बाँबचा नव्हता. पुढे अशाच सोळा घटनांच्या आधारे क्लेबेसाडेल, स्ट्राँग व ओल्सन या शास्त्रज्ञांनी १९७३ साली जाहीर केले की, हे किरण पृथ्वीवरून वा सूर्यापासून नव्हे, तर दूरच्या अंतराळातून येत आहेत.

त्यांचे उगमस्थान आपल्या आकाशगंगेच्याही फार पलीकडे आहे, हे निश्चित होण्यास १९९७ साल उजाडावे लागले. सूर्य आपल्या संपूर्ण आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल, तेवढी यांतील काही स्फोट काही सेकंदांत बाहेर टाकतात. दोन सेकंदांहून अधिक टिकणारे स्फोट बहुधा महाकाय ताऱ्यांच्या अंतकाळी होतात. त्याहून अल्पजीवी स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निर्माण होतात, असा शास्त्रज्ञांचा कयास होता.

या कयासाला १७ ऑगस्ट २०१७ रोजी भरभक्कम पुरावा मिळाला. सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवरील टकरीच्या गुरुत्वलहरी पृथ्वीवर पोहोचल्या आणि १.७ सेकंदांनी ‘फर्मी’ उपग्रहाला गॅमा किरण दिसले. अमेरिकेतील दोन यंत्रांच्या जोडीला इटलीतील तिसऱ्या यंत्राची साक्ष मिळाल्यामुळेच शोधाचा टापू सुमारे २८ चौरस अंशांपर्यंत आवळता आला आणि अकरा तासांच्या आत ती दीर्घिका सापडली. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात, हेही त्यातून दिसून आले. पुण्याजवळील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने पुढील निरीक्षणांत भाग घेतला, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. २०१५ साली सोडलेल्या आपल्या ‘अॅस्ट्रोसॅट’ उपग्रहानेही असे शेकडो गॅमा स्फोट टिपले आहेत. बुद्धीची वा कौशल्याची वाण आपल्याकडे नाही, हे यावरून स्पष्ट आहे.

वाण आहे ती निर्णयाच्या वेगाची. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यास फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली. सुमारे २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळण्यास एप्रिल २०२३ उजाडला. २०१७ च्या घटनेच्या वेळी ती उभी राहणे शक्यच नव्हते, हे आम्ही मान्य करतो. परंतु सात वर्षे केवळ कागदांच्या प्रवासात जावीत, याचे समर्थन कसे करावे? अमेरिका व युरोप यांपासून दूर असलेले यंत्र स्फोटाची दिशा अधिक अचूक सांगू शकते, हेच तर या वेधशाळेचे खरे मोल आहे.

मराठवाड्याला आधी पाणी द्या, मग ताऱ्यांच्या टकरी मोजा, असे कोणी म्हणेल. या आक्षेपामागील वेदना खरी आहे. वेधशाळेने विहिरी भरणार नाहीत, आणि तसे आश्वासन कोणी देऊही नये. पण वेधशाळा रखडल्याने पाटाला पाणी आले, असेही कधी घडलेले नाही. सरकारने या दोन्ही जबाबदाऱ्या पार पाडल्या पाहिजेत. एकीची ढाल करून दुसरी टाळणे आम्हांस मान्य नाही. मात्र आमची एक अट आहे. औंढ्याच्या परिसरातील शाळा-महाविद्यालयांतील मुलांना या वेधशाळेचे दार पहिल्या दिवसापासून उघडे असावे. केवळ बाहेरून आलेल्या विद्वानांची ती वसाहत होऊ नये.

संशयापोटी आकाशात गेलेल्या यंत्रांनी ज्ञानाचे दार उघडले आणि राष्ट्रांनी आपापली निरीक्षणे एकत्र केल्यावर त्या ज्ञानाचा अर्थ लागला. या सहकार्यात आपल्याला मानाचे स्थान देऊ करण्यात आले आहे. तारे आपल्या मंजुरीसाठी थांबत नाहीत. आता तरी हे काम ठरल्या वेळी पुरे करून दाखवावे, एवढीच आमची मागणी आहे.