संजीवक हें खत नव्हे, हुकूम होय

ऑक्टोबर छाटणी उरकली कीं तासगांव-मिरजेपासून खटाव-माणपर्यंतच्या द्राक्षबागांतून 'जी. ए.' ह्या दोन अक्षरांचा जप सुरू होतो. जी. ए. म्हणजे जिबरेलिक आम्ल. घड लांबविणें व मणी फुगविणें हें त्याचें काम सर्वश्रुत आहे. परंतु तें वेलीस कसें लागू पडतें, हें विचारणारा विरळा. विकणारा त्यास 'ताकद' म्हणतो, आणि ताकद म्हटल्यावर दुप्पट मापास दुप्पट लाभ, असा हिशेब आपलें मन सहजच मांडतें. हा हिशेब मुळांतच चुकलेला आहे, असें आमचें मत आहे.

आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें, आणि आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. तेव्हां दप्तराचाच दाखला देतों. खत-पाणी हा शिधा होय, संजीवक हा हुकूम होय. एकच हुकूम दहा वेळां पाठविल्यानें काम दहापट होत नाहीं. तो घेणारा कारकून जागेवर असावा लागतो. पेशींतील हा कारकून म्हणजे 'जी. आय. डी. १' नांवाचें ग्राही प्रथिन. जपानी संशोधकांनीं तें २००५ सालीं भातांत शोधून काढलें. जिबरेलिनची ओळखही भातामुळेंच पटली. रोपें अवाजवी उंच करणाऱ्या बुरशीच्या स्रावांतच तो गुण आहे, असें कुरोसावा ह्यांनीं १९२६ सालीं दाखविलें होतें.

ह्या प्रथिनास एक खोबण असते. जिबरेलिनचा कण तींत नेमका बसला कीं प्रथिनाचें एक टोंक झांकणासारखें त्यावर मिटतें, आणि मिटलेल्या झांकणावर 'डेला' नांवाचें दुसरें प्रथिन येऊन चिकटतें. डेला म्हणजे वाढीवरील मनाईहुकूम. तें शाबूत आहे तोंवर वाढीचीं जनुकें दबून राहतात. चिकटलेल्या डेलावर पेशी युबिक्विटिन नांवाच्या लहान प्रथिनांची साखळी चढविते. हाच 'रद्द'चा शिक्का. शिक्का पडलेल्या डेलाचे पेशींतच तुकडे होतात. सारांश, जी. ए. वाढ देत नाहीं, वाढीवरची मनाई उठवितें. सर्व खोबणी भरल्यावर जादा कण काय करणार?

बिनबियांच्या द्राक्षांस हा हुकूम बाहेरून द्यावा लागतो, ह्याचें कारणही उघड आहे. जिबरेलिन बनविणें हें बियांचें काम. थॉम्पसन, किंवा तींतूनच तासगांवचे वसंतराव आर्वे ह्यांनीं निवडलेली तास-ए-गणेश, ह्यांच्या मण्यांत बी अर्ध्यावरच खुंटतें. म्हणून बाहेरचें जी. ए. उपयोगी पडतें. त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं.

परंतु हुकूम मण्यापुरताच राहत नाहीं. एके वर्षीं आम्हीं स्वतः लेबल नसलेल्या बाटलींतील औषध 'जरा हात सैल सोडून' वापरलें. देठ जाड व राठ झाले, आणि पेटींत भरतां भरतां मणी गळले. दोष बाटलीचा खरा, पण तितकाच आमच्या अज्ञानाचा. ह्याहून मोठा धोका डोळ्यांत आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर डोळ्यांत घड घडत असतां जिबरेलिन वाढलें, तर घडाची बाळी होते. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २००२ सालीं एका ठेंगण्या द्राक्षवेलीचें वर्णन केलें. तिच्या डेलांत बदल झाल्यानें जिबरेलिनचा हुकूम तिला लागू पडत नसे, आणि बाळ्यांच्या जागीं तिला घड येत. घड कीं बाळी, हा निवाडाही ह्याच कचेरींत होतो!

कोणी म्हणतील, अनुभवापुढें हें पुस्तकी ज्ञान कशाला? अनुभव आम्हीही मानतों. पण एका चुकीच्या अनुभवाची किंमत वर्षाच्या पिकानें मोजावी लागते, आणि कर्ज तर वर्षभर थांबत नाहीं.

म्हणून आमची संघास विनंती अशी कीं, गांवोगांवीं एक नाजूक तराजू ठेवावा आणि एवढा हिशेब भिंतीवर लिहावा: १०० लिटर पाण्यांत १ ग्रॅम शुद्ध जी. ए. म्हणजे दशलक्षांत १० भाग. ज्या बाटलीवर घटक व प्रमाण छापलेलें नाहीं, ती बांधावर येऊं देऊं नये. सही-शिक्क्याविना आलेला कागद आम्हीं उभ्या चाकरींत दाखल करून घेतला नाहीं. वेलीच्या दप्तरांत तरी तो कां घ्यावा?