‘घरी न्या’ म्हटल्यानंतर

बार्शीला नाहीतर सोलापूरच्या सिव्हिलला काही महिने हेलपाटे घालून झाले की एक दिवस डॉक्टर मुलाला बाजूला घेतात. आता इथं ठेवून उपयोग नाही, घरी न्या, सेवा करा. मग कुर्डुवाडीवरून गाडी धरून पेशंट केमला परत येतो. कुंकवासाठी महाराष्ट्रभर माहीत असलेल्या, उत्तरेश्वराच्या या गावात काय किंवा करमाळा तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीवर काय, त्यापुढचे दिवस कसे जातात हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांना सांगायला नको. दुखणं रात्री वाढतं. तोंडाच्या कॅन्सरची जखम वाहते, तिला वास येतो आणि शेजारीपाजारी दारातूनच विचारपूस करून परततात. घास उतरत नाही म्हणून बायको रडते, मुलगा सलाईन लावणाऱ्याला बोलावून आणतो. ‘सेवा करा’ असं सगळ्यांनी सांगितलेलं असतं. ती करायची कशी, हे कोणीच सांगितलेलं नसतं.

‘घरी न्या’ या सांगण्यात मला चूक दिसत नाही. बहुतेकांना आपल्याच घरी, आपल्या माणसांत जायचं असतं. पण ते वाक्य बोलून झालं की डॉक्टरचं काम संपलं असं आपण सगळ्यांनीच धरून चाललोय, आणि खरा घात तिथं होतो. बरा न होणाऱ्या माणसाच्या सेवेतही पुढं उभा राहणारा, जबाबदारी अंगावर घेणारा डॉक्टर लागतो.

हॉस्पिस म्हणजे बरा न होणाऱ्या माणसाची सेवा करणारं ठिकाण. आजच्या हॉस्पिस चळवळीची सुरुवातच या जाणिवेतून झाली. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या. मरणासन्न माणसांना सोडून जातात ते डॉक्टरच, तेव्हा काही बदलायचं असेल तर आधी डॉक्टर हो, असा सल्ला त्यांना एका सर्जननं दिला. त्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि १९५७ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. दुखायला लागल्यावर औषध देण्याऐवजी दुखू नये म्हणून ठरलेल्या वेळी मॉर्फिन द्यायचं, ही पद्धत त्यांनी रुजवली आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं. आपल्याकडे मुंबईत टाटा रुग्णालयातले कॅन्सर सर्जन डॉ. लुईस जोस डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केलं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं असंच केंद्र १९९७ पासून आहे. दोन्हीकडे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. पण केमच्या माणसाला शेवटच्या आठवड्यात पुणं गाठायला लावणं हा काही उपाय नव्हे.

डॉक्टरच का लागतो? सिस्टर, आशाताई, घरची माणसं पुरे नाहीत का? अंग पुसणं, कूस बदलणं, जखम धुणं ही कामं तीच माणसं करतात आणि डॉक्टरपेक्षा चांगली करतात. जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक कुटून तिच्यावर भुरभुरली की वास कमी होतो. गोळी अगदी स्वस्त आहे, आणि एकदा दाखवलं की घरची सून ते रोज करू शकते. पण काही गोष्टी अशा आहेत की त्यांना डॉक्टरचाच शब्द आणि डॉक्टरचीच सही लागते.

पहिली गोष्ट मॉर्फिनची. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडानं घ्यायची मॉर्फिनची गोळी हा जगभर मान्य असलेला उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं वेदनाशमनाच्या पायऱ्या १९८६ मध्येच सांगितल्या. साध्या गोळीपासून सुरुवात, आणि ती पुरली नाही तर शेवटी मॉर्फिन. दर चार तासांनी गोळी, वेदनेप्रमाणे डोस वाढवत न्यायचा, बद्धकोष्ठ होतोच म्हणून सोबत जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून. विद्या एवढीच आहे. ज्या अफूपासून मॉर्फिन निघतं ती आपल्याच देशात, मध्य प्रदेश आणि राजस्थानात सरकारी परवान्यानं पिकते. तरी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात आणि तुरुंगाच्या धाकात देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पुढच्या काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. त्या काळात शिकलेल्या डॉक्टरांनी मॉर्फिनची गोळी हातातच धरली नाही. आणि जी गोळी हाताळली नाही तिची भीती वाटणारच. पेशंटला सवय लागेल, श्वास थांबेल, पोलीस येतील. वेदनेच्या मापानं दिलेल्या मॉर्फिननं यातलं पहिलं आणि दुसरं सहसा घडत नाही, आणि तिसऱ्याची तजवीज २०१४ च्या दुरुस्तीनं केली आहे. आता राज्याच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळालेली संस्था मॉर्फिन ठेवू शकते. अट इतकीच की तिथं प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर जबाबदार हवा आणि साठ्याची नोंद चोख हवी. कायद्यानं वाट मोकळी केली, पण त्या वाटेच्या तोंडाशी डॉक्टरची सही आहे. ती करणारा कोणी नसेल तर गोळी गावापर्यंत येत नाही.

दुसरी गोष्ट खरं बोलण्याची. आपल्याकडे डॉक्टर मुलाला सांगतात, मुलगा आईला सांगत नाही, आई बाबांना सांगत नाही, आणि ज्याचं मरण आहे त्याला शेवटपर्यंत ‘बरं होईल’ ऐकावं लागतं. बाबांना सांगू नका, ही विनंती मायेतून येते, तिचा राग धरू नये. पण बाबांना बहुधा कळलेलं असतं. जमिनीच्या वाटणीचं बोलायचं राहतं, लांब दिलेल्या मुलीला वेळेत बोलावलं जात नाही, भावाशी धरलेला अबोला तसाच राहतो. हा पडदा हलक्या हातानं दूर करणं हे डॉक्टरचं काम आहे. घरातला कोणी ते करू शकत नाही, कारण घरातला प्रत्येक जण त्यातच अडकलेला असतो. डॉक्टरनं पेशंटजवळ बसून एवढंच विचारावं: तुमच्या आजाराचं तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? उत्तर ‘काही नको’ असं आलं तर तेही मानावं.

शेवटच्या दिवसांत सलाईन लावू नका, हे सांगायलाही डॉक्टरच हवा. शरीर मिटत चाललेलं असताना भूक आणि तहान आपोआप कमी होते. बळेबळे दिलेल्या पाण्यानं पायांना सूज आणि छातीत घरघर वाढते. हे सुनेनं म्हटलं तर सासऱ्याला उपाशी मारलं असा बोल तिला जन्मभर लागेल. डॉक्टरनं सगळ्यांसमोर म्हटलं तर घर त्या बोलातून सुटतं.

केरळचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण अर्धंच. तिथली सेवा लोकांनी उभारली असं सांगतात. ते खरं आहे. त्याआधीची गोष्ट अशी की १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातले भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी ते काम सुरू केलं, आणि पुढं स्वयंसेवक, नर्स, पंचायती यांच्या हातात ते जाऊ दिलं. २००८ मध्ये केरळ सरकारनं त्याचं धोरण केलं. पुढारी डॉक्टर म्हणजे सगळं आपल्या मुठीत ठेवणारा, अशी समजूत असेल तर ती सोडावी. मॉर्फिनची आणि निर्णयाची जबाबदारी आपल्याकडे ठेवून बाकीचं काम त्यांनी इतरांना शिकवलं, म्हणून ते वाढलं.

आणि आपल्याच भागात असं काही होऊ शकत नाही, हे मला पटत नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकारानं १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं. पेशंट आपण होऊन येत नाहीत म्हणून माणसं शिकवून गावोगाव पाठवली. पुढं उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये त्यातून जगाला कळलं. परांड्याला लागूनच करमाळा तालुका आहे. कॅन्सर वेळेत सापडावा म्हणून या मातीत डॉक्टरांनी पाठवलेली माणसं दारोदार पोचली. ज्याचा सापडला पण उशिरा सापडला, त्याच्या दारापर्यंतही पोचता येईल.

यंत्रणा शून्यातून उभारायची नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास हलका करणारी, सेवा आहे. आशाताई आहेत, सिस्टर आहेत, समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. त्यांनी रात्री फोन करावा असा, डोस वाढवा म्हणणारा डॉक्टर तेवढा नेमलेला नाही. तालुक्याला असा एक जरी मिळाला तरी सुरुवात होते. करमाळ्यात, कुर्डुवाडीत वर्षानुवर्षं प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांपैकी कोणी आठवड्याचा अर्धा दिवस यासाठी काढला, तर त्यांचा शब्द गाव ऐकेल.

केमच्या ग्रामसभेला माझी विनंती आहे. १५ ऑगस्टच्या सभेत रस्ते आणि पाण्याच्या विषयांबरोबर हाही विषय घ्या. आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मॉर्फिनची गोळी आहे का, हे लेखी विचारा. नसेल तर मान्यतेच्या अर्जावर सही करायला कोणता डॉक्टर तयार आहे, त्याचं नाव मागा.